काट्याचं वजन

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे काटा म्हणत. घड्याळाचा काटा म्हणून म्हणत की अंगकाठीवरून, हे कुणाला विचारावं लागत नसे. उंची चांगली पाच फूट नऊ इंच आणि वजन शेहेचाळीस किलो. खाल्लेलं कुठं जातं हे त्याचं त्यालाही कधी कळलं नाही. शाळेत पोरं त्याला काडीपैलवान म्हणायची, तरुणपणी मित्र पाप्याचं पितर म्हणायचे. चाळिशी उलटल्यावर मात्र लोकांनी चेष्टा करायचं सोडलं, कारण त्या वयात बारीक माणसाकडे बघून हसण्याआधी मनात आजाराची शंका येते. एकदा त्याच्या लग्नाचं जुळत आलं होतं. मुलीच्या मावशीने त्याला आडोशाला नेऊन हळूच विचारलं, की क्षयबिय झाला होता का कधी. त्याने नाही म्हणून सांगितलं, पण ते जुळत आलेलं तिथंच राहिलं.

त्याचं दुकान म्हणजे औषधांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्यामधली फट. एक टेबल, एक दिवा, एक स्टूल आणि तो, एवढंच तिथं मावे. आधीच्या घड्याळजीचं पोट सुटलं म्हणून त्याला ही जागा सोडावी लागली, असं काटा गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगत असे. ते खरं होतं की नाही कोण जाणे.

घरी ताई होती. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि तेव्हापासून त्याच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं काय उरतं हे बघणं हा ताईचा जन्माचा उद्योग झाला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. ताई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींचा गठ्ठा दोघीजणी मिळून उचलायच्या, तो ती एकटी उचलून पिळायच्या यंत्रात टाकायची. रुंद खांदे, भरदार हात, आणि चालताना जिन्याला कळावं असं पाऊल. दोघं बरोबर रस्त्याने निघाली की कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, दहाचा आकडा चालला बघा.

ताईला ते हसण्यावारी नेता येत नसे. भावाच्या वाटचं बहीण खाते, असं गल्लीतली एक बाई कधीतरी बोलली होती आणि ते तिच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ती त्याला आधी वाढायची, समोर बसून "अजून दोन घास" म्हणत खायला लावायची, आणि तो उठल्यावर मग स्वतः जेवायची. दर वाढदिवसाला त्याला धुलाईघरात नेऊन कपड्यांचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभा करायची. आकडा दरवर्षी तोच. ती म्हणायची, "दगडाला पाणी घालतेय मी."

ताई पंचावन्न वर्षांची असताना एका सकाळी धुलाईघरात चादरींच्या घड्या घालताना तिच्या उजव्या हातातलं टोक सुटलं. तिने ते परत उचललं, परत सुटलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच खाली गेली. उजवी बाजू गेली होती. हॉस्पिटलातच पडल्यामुळे उपचार लगेच मिळाले आणि जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, पण समजत होतं. पाच आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

घरी न्यायच्या आधी नर्सबाईंनी काट्याला शिकवलं. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा. आपले गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवायचे. पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, पाठ ताठ ठेवायची, तीन म्हटलं की मांड्यांच्या जोरावर उठायचं, आणि वळून खुर्चीत बसवायचं. नर्सबाई चणीने त्याच्यापेक्षा लहान होत्या, आणि त्यांनी ताईला असं उठवलं की त्याला वाटलं, यात काय आहे.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तीन म्हटलं, जोर लावला, आणि ताई पलंगावरून चार बोटं वर आली. मग त्याचे हात सुटले नाहीत, पण पाय सुटले. दोघंही खाली फरशीवर. ताई त्याच्या अंगावर पडली होती आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. तिला बाजूला होता येत नव्हतं आणि त्याला तिला ढकलवत नव्हतं. बराच वेळ ती दोघं तशीच पडून होती. मग त्याने कसाबसा एक हात सोडवून पलंगाच्या पायावर आपटला, आणि आवाज ऐकून खालचा बेकरीवाला धावत वर आला.

बेकरीवाला दणकट गडी. पिठाचं पोतं उचलावं तसं त्याने ताईला काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीत ठेवलं. माणूस भला होता. रोज सकाळ-संध्याकाळ येतो म्हणाला, काही संकोच करू नका म्हणाला. तो गेल्यावर ताईच्या काळ्या गाऊनवर दोन्ही काखांपाशी पिठाचे पांढरे पंजे उमटलेले दिसले. ताईने ते डाव्या हाताने झटकायचा प्रयत्न केला. मग ती म्हणाली, "परत नको बोलावूस त्याला."

पण बोलावल्याशिवाय इलाज नव्हता. बेकरीवाला येत राहिला. तो खोलीत शिरला की ताई डोळे मिटून घ्यायची. जन्मभर दुसऱ्यांची ओझी उचललेली बाई, तिला परक्या पुरुषाने रोज उचलावं हे तिला गिळता येत नव्हतं. काही दिवसांनी काट्याच्या लक्षात आलं की ती पाणी पीत नाही. कमी प्यायलं की कमी वेळा उठावं लागतं, असा तिचा हिशेब होता. त्याने पेला तिच्या ओठांना लावला तेव्हा तिने मान फिरवली.

त्या आठवड्यात तो व्यायामशाळेत गेला.

व्यायामशाळा गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये होती. चालवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. साठीचा, टकला, एका गुडघ्याने लंगडणारा, आणि मान एवढी जाड की डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. काटा आत आला तशी आरशासमोरची पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. एकाने विचारलं, काका, रस्ता चुकलात का. वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कशासाठी यायचंय ते विचारलं.

काटा म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर किलो उचलायचेत. रोज चार वेळा."

"कोण आहे?"

"बहीण."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातून झाडूची एक दांडी आणली आणि त्याच्या हातात दिली. पहिले पंधरा दिवस त्याने ती रिकामी दांडी घेऊन उठाबशा काढल्या. पोरं हसून हसून कंटाळली आणि मग आपापल्या कामाला लागली. वस्तादांनी त्याला एकच गोष्ट वारंवार सांगितली, की इथं फक्त एक तास आहे, खरा व्यायाम ताटावर आहे. तिथं चुकलात तर इथं घाम गाळून उरलंसुरलंही जाईल.

आणि तिथंच तर घोडं अडत होतं. सहा अंडी, सहा केळी, दोन वेळा दूध, उकडलेले बटाटे, जेवण वेगळं. ज्या माणसाचं पोट चार घासांत भरत आलं होतं त्याने हे कुठं घालायचं? पहिल्या आठवड्यात तो दोनदा ओकला. खिशात शेंगदाणे ठेवून दर अर्ध्या तासाला एक मूठ औषधासारखी चावू लागला. गिऱ्हाईक समोर उभं असताना तोंडातला घास इकडून तिकडे जात असे आणि घशाखाली उतरत नसे. लोक म्हणतात, खायला काळ आणि भुईला भार. याचं उलटं होतं. खाणंच त्याचा काळ झालं होतं आणि भुईला त्याचा भार काही कळत नव्हता.

ताईला मात्र जणू हरवलेली नोकरी परत मिळाली. पलंगावर उशांना टेकून ती त्याच्या खाण्यावर नजर ठेवी. डाव्या हाताच्या बोटाने ताटात राहिलेलं दाखवी. "ते. तेही," एवढंच म्हणायची. चाळीस वर्षं तिने जे सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही, ते तो आता ऐकत होता. तिचं स्वतःचं ताट मांडीवरच्या फळीवर असे. तो स्वतःचे घास मोजण्यात इतका गुंतलेला असे की त्या ताटाकडे त्याचं लक्ष जात नसे. जेवण झालं की तो दोन्ही ताटं उचलून घासायला नेई.

दीड महिन्यात सहाशे ग्रॅम वाढले. मग सर्दीतापाने चार दिवस झोपला आणि एक किलो गेला. त्या दिवशी तो व्यायामशाळेच्या बाकावर बसून राहिला. देवाने काही माणसांना फुगा दिलाय आणि मला चाळण दिलीय, असं तो वस्तादांना म्हणाला. वस्तादांनी नुसतं वाकून जमिनीवरची दांडी त्याच्या मांडीवर ठेवली. तोवर झाडूच्या दांडीच्या जागी लोखंडी दांडी आली होती आणि तिला दोन्ही टोकांना पाच-पाच किलोची चाकं लागलेली होती.

आणखी एक अडचण आली. सकाळी वजनं उचलल्यावर त्याचे हात थरथरत. दुकानात येऊन चिमट्याने केसासारखी स्प्रिंग उचलायला जावं तर चिमट्याचं टोक नाचायला लागे. एका बाईच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू, तिळापेक्षा लहान, चिमट्यातून उडाला तो दिवसभर सापडला नाही. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ते हात म्हणजे त्याचा एकच अभिमान होता. अंगावर मांस नसेल, पण हातात कसब आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत. त्याने यावर तोडगा काढला. दुपारपर्यंत पट्टे बदलायचे, सेल घालायचे, काचा बसवायच्या. घड्याळ उघडायचं ते जेवल्यावर. काही जुनी गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. गेली तर गेली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी बेकरीवाल्याला यायला उशीर झाला. भट्टी बिघडली होती. ताईला खुर्चीवर जायचं होतं आणि थांबवत नव्हतं. काट्याने पट्टा बांधला, गुडघ्यांना गुडघे लावले, तीन म्हटलं. ताई उठली. तो वळला, तिला खुर्चीवर बसवलं, आणि मग स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. ताई त्याच्याकडे बघत होती. मग तिने डावा हात पुढे करून त्याचा दंड चाचपला, बाजारात भाजी चाचपतात तसा, आणि ती हसली. आजार झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, तेही अर्ध्याच तोंडाने.

त्या दिवसापासून बेकरीवाल्याला यावं लागलं नाही. काट्याने खाली जाऊन त्याचे आभार मानले आणि तो जिना चढताना, कधी नव्हे ते, गुणगुणत होता. पुढचे तीन महिने त्या घरात जे सुख होतं ते आधी कधी नव्हतं. तो तिला सकाळी उठवी, खिडकीपाशी बसवी, दुपारी दुकान बंद करून येई, पुन्हा संध्याकाळी दोनदा. ताई पाणी प्यायला लागली. दर आठवड्याला तिला उचलणं सोपं जात होतं. आता त्याने तीन म्हणणंही सोडलं. व्यायामशाळेत त्याने वस्तादांना अभिमानाने सांगितलं, की हाताला आता ओझं असं वाटतच नाही. वस्ताद म्हणाले, छान. मग त्यांनी विचारलं, तुम्ही इथं चाळीस किलोलाच अडलाय, मग घरी अठ्ठ्याहत्तर कसे काय? काट्याने सांगितलं, की माणूस उचलणं वेगळं, त्यात युक्ती असते. त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

आठव्या महिन्यात नर्सबाई तपासायला घरी आल्या. दार उघडल्यावर त्यांनी ताईकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते आठ महिन्यांनी बघणाऱ्याला दिसतं. त्यांनी बरोबर आणलेल्या सपाट वजनकाट्यावर आधी खुर्ची तोलली, मग ताईला बसवून खुर्ची तोलली. सत्तावन्न किलो. नर्सबाईंनी पुन्हा तोललं. मग काट्याला विचारलं, ही जेवते किती?

तो ताटं घासत होता, दररोज, दोन वेळा. त्यात उरलेलं खरवडून टाकत होता. किती उरत होतं?

नर्सबाई कागदावर काय काय लिहून देऊन गेल्या. मऊ शिजवून द्या, थोडं थोडं द्या, गिळायला त्रास होतो का बघा, डॉक्टरांना दाखवा. त्या गेल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला. स्वतःचं वजन त्याला पाठ होतं, एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. पाच किलो त्याने मिळवले होते. एकवीस किलो ताईचे गेले होते. आपल्या दंडांनी जे उचललं असं तो समजत होता ते तिने स्वतःच उतरवून ठेवलं होतं.

"मुद्दाम केलंस?" त्याने विचारलं.

ताईने तोंड खिडकीकडे वळवलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आधी भूकच नव्हती. खरंच. मग तुला जमलं. त्या दिवशी. मग भूक लागली तरी नाही खाल्लं."

"मला सांगायचं तरी."

"तू एवढं खात होतास," ती म्हणाली. "मला तेवढंच बघायचं होतं."

तो तिच्यावर कधी रागावला नव्हता, त्या दिवशी रागावला. ओरडला नाही. उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राग तिच्यावर होता की ताटं न बघता घासणाऱ्या स्वतःच्या हातांवर, हे त्याला सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने त्याने बटाटा उकडला, कुस्करून त्यात दूध आणि लोणी घातलं, आणि चमचा घेऊन तिच्यासमोर बसला. "तू खाल्लंस तरच मी खाणार," तो म्हणाला. लहान मुलांमध्ये चालते तशी ती अट होती, पण चालली. एक घास तिला, एक घास त्याला. कधी ती तोंड फिरवायची, मग तोही चमचा खाली ठेवून बसायचा. बटाटा गार व्हायचा. शेवटी तिला त्याची कीव यायची आणि ती तोंड उघडायची.

दोन महिन्यांत ताई साठ किलोवर आली. नर्सबाईंनी वजनकाटा तिथंच ठेवला होता, त्यावर त्यानेच तिला तोललं. आणि त्या साठ किलोंना तो रोज चार वेळा उचलत होता, तीन म्हणून, दात आवळून, घामाघूम होऊन. हे वाढलेले तीन किलो त्याला एकेक कळले होते. ताईनेही ते ओळखलं होतं. ती म्हणायची, जड झाले ना परत? तो म्हणायचा, अजून हो.

अजून व्हायला वेळ मिळाला नाही. एका दुपारी तो जेवायला घरी आला तर ती खिडकीपाशी खुर्चीतच होती, मान एका बाजूला कलंडलेली. दुसरा झटका. श्वास चालू होता. गाडी बोलावली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. त्यांनी त्याच्याकडे बघून म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही घेतो. तो बाजूला झाला नाही. त्याने पट्टा नीट केला, पाठ ताठ केली, आणि तिला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. या वेळी तिच्या एकाही पायाने त्याला साथ दिली नाही. पूर्ण साठ किलो होते. त्या माणसांपैकी एकजण म्हणाला, उचलायचं बरोबर शिकलाय तुम्ही. तीन दिवसांनी हॉस्पिटलात ती गेली, शुद्धीवर न येता.

धुलाईघरातल्या बायका भेटायला आल्या. त्यातल्या एकीने सांगितलं, की ताई झटका यायच्या आधीही डब्यातलं निम्मं परत न्यायची, तुझ्यासाठी म्हणून. तो हो म्हणाला. त्याला ते माहीत नव्हतं.

पहिले काही आठवडे तो सकाळी व्यायामशाळेत जात राहिला, कारण सकाळचं दुसरं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मग एक दिवस गेला नाही, आणि मग गेलाच नाही. एकट्यासाठी ताट वाढून घ्यायला हात उठत नसे. पावाचा तुकडा तोडून उभ्या उभ्या खाई आणि कामाला लागे. अंगावर चढलेलं मूठभर मांस ज्या गतीने आलं होतं त्याच्या दसपट गतीने गेलं.

महिन्याभराने वस्ताद लंगडत त्याच्या दुकानाशी आले. आत शिरायला बघितलं, पण खांदे मावेनात, तेव्हा बाहेरच उभे राहिले. येणं का बंद केलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या बायकोने रविवारी जेवायला बोलावलंय.

"आता मला नाही जात हो," काटा म्हणाला. "समोर कुणी मोजायला नाही."

"ती मोजेल," वस्ताद म्हणाले. "तिने मलाही असंच उभं केलंय."

तो गेला. वस्तादांची बायको ठेंगणी, बडबडी बाई होती. तिने वाढलं ते त्याने पानात काही न टाकता संपवलं. ती आणखी वाढायला वाकली आणि, सवयीने सगळ्याच बायका म्हणतात तसं, म्हणाली, "अजून दोन घास."

त्याने ताटावर आडवा हात धरला. मग तो हात त्याने तसाच डोळ्यांवर नेला. वस्ताद दुसरीकडे बघू लागले. बायको हातात वाढायचा चमचा घेऊन उभी राहिली, काय चुकलं ते तिला कळेना. थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतला आणि ताट पुढे केलं.